पैज चाहत्याची, नफा पेढीचा

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल महासंघात ३० संघ आहेत. प्रत्येक संघ मोसमात ८२ सामने खेळतो. म्हणजे बाद फेरीला प्रारंभ होण्यापूर्वीच १,२३० सामने होऊन जातात. त्यांच्या जोडीला महाविद्यालयीन संघांचे हजारो सामने असतात आणि शनिवारच्या रात्री कोठे ना कोठे मुष्टियुद्धाचा आखाडा गाजत असतो. या साऱ्या काळात त्या देशातील लाखो सामान्य माणसे एका वेगळ्याच उद्योगात गढलेली असतात. ट्रकचालक, गोदामातील कामगार, कारकून, शाळामास्तर, महाविद्यालयीन विद्यार्थी अशी ही माणसे रोज आपले अंदाज बांधतात, ते चारचौघांत मांडतात आणि त्यांवर पैसे लावतात. अमुक संघ सलग दुसऱ्या रात्री परगावी खेळतो आहे, तेव्हा त्याचे पाय जड झालेले असणार. तमुक संघाचा उंच खेळाडू दुखावला आहे, तेव्हा बास्केटखालची जागा मोकळी पडणार. अमुक मुष्टियोद्धा डावखुरा आहे आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याला डावखुऱ्याशी लढण्याचा सराव नाही, असे या चर्चेचे स्वरूप असते.

ही चर्चा वरवरची नसते. तिच्यामागे वर्षानुवर्षांचे निरीक्षण असते, आकडेमोड असते आणि खेळावरचे निखळ प्रेमही असते. म्हणूनच अशा शौकिनाला मूर्ख किंवा व्यसनी म्हणून निकालात काढणे सोपे असले, तरी ते खरे नाही. विचार करण्याजोगा प्रश्न निराळाच आहे. या माणसाजवळ जी जाणकारी आहे, तिची बाजारात किंमत काय होते, आणि ती किंमत कोणाच्या पदरात पडते? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की खेळ, सट्टा, भांडवल आणि राज्यसंस्था यांचे एक संपूर्ण अर्थशास्त्र समोर उभे राहते. भारतातील समाजवादी कार्यकर्त्यालाही ते परके वाटण्याचे कारण नाही.

अकरा देऊन दहा घेण्याचा व्यवहार

बास्केटबॉलवरील पैज बहुधा केवळ जय-पराजयावर लावली जात नाही. बलाढ्य संघ दुबळ्या संघाशी खेळणार असेल, तर जिंकणार कोण हे शेंबडे पोरही सांगेल; मग पैज घेणार कोण? ही अडचण दूर करण्यासाठी गुणफरकाची युक्ती निघाली. शिकागोचे चार्ल्स मॅकनील यांना सामान्यतः तिचे जनकत्व दिले जाते, आणि ते मूळचे गणिताचे शिक्षक होते. बलाढ्य संघ समजा सात गुणांहून अधिक फरकाने जिंकेल की नाही, एवढाच प्रश्न पेढी विचारते. अशा रीतीने कोणताही विषम सामना कागदावर सम करता येतो, आणि शौकिनाला प्रत्येक सामन्यात आपली जाणकारी पणाला लावण्याचे निमंत्रण मिळते.

आता या सम भासणाऱ्या व्यवहाराचा हिशेब पाहू. प्रचलित दर असा की दहा डॉलर जिंकण्यासाठी अकरा डॉलर लावावे लागतात. दोन शौकिनांनी परस्परविरुद्ध बाजूंवर प्रत्येकी ११ डॉलर लावले, तर पेढीकडे २२ डॉलर जमा होतात. जिंकणाऱ्याला त्याचे ११ आणि वर १० असे २१ डॉलर मिळतात. एक डॉलर पेढीत राहतो. तो घेण्यासाठी पेढीने कोणताही धोका पत्करलेला नसतो. ही दलाली साडेचार टक्क्यांच्या आसपास पडते. ऐकायला ती क्षुल्लक वाटते. परंतु शौकिनाच्या बाजूने पाहिले म्हणजे तिची धार कळते. शंभरांपैकी ५२ अंदाज ज्याचे बरोबर आले, असा माणूस आपण जाणकार असल्याचे अभिमानाने सांगेल. त्याने ५२ वेळा दहा डॉलर मिळवले, म्हणजे ५२० डॉलर. आणि ४८ वेळा अकरा गमावले, म्हणजे ५२८ डॉलर. चुकण्यापेक्षा अधिक वेळा बरोबर येऊनही तो आठ डॉलरच्या तोट्यात आहे! केवळ बरोबरीत राहायचे, तरी त्याला दर शंभरांत ५२.४ या सरासरीने बरोबर यावे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे.

याहून महत्त्वाची गोष्ट भावाच्या घडणीची आहे. सट्ट्याचा भाव म्हणजे कोणा ज्योतिषाचे भाकीत नव्हे. ती एक किंमत असते, आणि लोकांचा पैसा कोणत्या बाजूला वाहतो यावर ती हलत राहते. ऑगस्ट २०१७ मध्ये लास व्हेगास येथे फ्लॉइड मेवेदर आणि कोनॉर मॅकग्रेगर यांची लढत झाली. मेवेदरच्या नावावर ४९ लढतींत ४९ विजय होते. मॅकग्रेगर हा दुसऱ्याच द्वंद्वप्रकारातील मल्ल, व्यावसायिक मुष्टियुद्धात तो पूर्वी एकदाही उतरलेला नव्हता. तरीही पैसा लावणाऱ्यांचा ओघ त्याच्या बाजूने इतका वाहिला की त्याच्यावरचा भाव लढतीपर्यंत झपाट्याने उतरला. मॅकग्रेगर अधिक बलवान झाला म्हणून हे घडले नव्हते. त्याच्यावर आशा ठेवणारे वाढले होते, इतकेच. मेवेदरने दहाव्या फेरीत लढत संपवली.

तात्पर्य असे, की चाहत्यांचे ज्ञान, त्यांच्या आशा आणि त्यांचे भ्रम यांच्या बेरजेतून भाव तयार होतो. हा कच्चा माल पेढीला फुकट मिळतो. त्यावर ती आपली साडेचार टक्क्यांची मोहोर उमटवते आणि तोच माल त्याच लोकांना विकते. श्रमिकाच्या हातचे कसब आणि त्याची मालकी यांची ताटातूट कशी होते, हे समाजवादी वाचकाला निराळे सांगायला नको. येथे ती ताटातूट माणसाच्या फावल्या वेळात, त्याच्या करमणुकीत होते, एवढाच फरक आहे.

जिंकणाऱ्याचे काय होते

यावर शौकीन म्हणेल, की हे सामान्यांपुरते ठीक आहे. पण जो खरोखर जाणकार असतो तो जिंकतोच. असे थोडे लोक असतात, हे खरे आहे. पण त्यांचे काय होते हेही पाहिले पाहिजे. सातत्याने जिंकणारा ग्राहक लक्षात आला, की अमेरिकेतील पेढ्या त्याची पैजेची कमाल रक्कम घटवत नेतात. हजार डॉलर लावू पाहणाऱ्याला पाच-दहा डॉलरांवर आणून ठेवतात. ही तक्रार इतकी वाढली, की मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नियामक आयोगाला २०२४ मध्ये या विषयावर कंपन्यांकडे विचारणा करावी लागली. हरणाऱ्याला दार सताड उघडे आणि जिंकणाऱ्याला खिडकीची फट! ज्या बाजारात दुकानदार कुशल गिऱ्हाईकालाच बाहेर काढू शकतो, त्याला कौशल्याची स्पर्धा म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

उरतात ते अंदाज विकणारे. आपला अंदाज सलग दहा वेळा खरा ठरला, असे सांगून ते अनुयायी गोळा करतात. पण १,०२४ माणसांनी केवळ नाणे उडवून अंदाज केले, तरी त्यांतील एकाचे दहाही अंदाज बरोबर येण्याची अपेक्षा गणितानेच धरावी लागते. त्या एकाचे नाव गाजते आणि उरलेले १,०२३ मूकपणे पैसे भरतात. मुष्टियुद्धातील एक प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत जेम्स ‘बस्टर’ डग्लसने अजिंक्य समजल्या जाणाऱ्या माइक टायसनला दहाव्या फेरीत लोळवले. लास व्हेगासच्या मिराज कॅसिनोने डग्लसवर एकास बेचाळीस असा भाव दिला होता. ही कथा खरी आहे आणि ती सांगण्यासारखीही आहे. परंतु सट्ट्याच्या धंद्याला ती इतकी प्रिय का असावी? बेचाळीसपट मिळवणाऱ्या त्या मूठभरांच्या आठवणीवर पुढच्या पिढ्यांतील असंख्य लोक हरत राहतात. जाहिरातीवर कोट्यवधी खर्च करूनही इतकी प्रभावी जाहिरात मिळणार नाही.

गुन्हेगारांकडून शेअरबाजाराकडे

१९४९ पासून नेवाडा राज्यात खेळांवरील पैजांना कायद्याची मान्यता होती. उर्वरित देशात तो धंदा प्रामुख्याने गुन्हेगारी टोळ्यांच्या हाती होता. १९९२ मध्ये केंद्रीय कायद्याने राज्यांना अशी नवी मान्यता देण्यास मनाई केली. बास्केटबॉल, बेसबॉल आणि फुटबॉलचे महासंघ तेव्हा या मनाईचे कट्टर समर्थक होते. खेळाची शुचिता हा त्यांचा मुद्दा होता. परंतु नोव्हेंबर २०१४ मध्ये एनबीएचे आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून कायदेशीर सट्ट्याची बाजू घेतली. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि त्याच वर्षी जुलैत एनबीएने एका मोठ्या कॅसिनो कंपनीशी करारही केला. शुचितेची किंमत ठरायला दोन महिने पुरले!

त्यानंतर चाळिसाच्या जवळपास राज्यांनी आपली दारे उघडली. २०२४ या एका वर्षात अमेरिकेत कायदेशीर पैजांवर लागलेली रक्कम दीडशे अब्ज डॉलरच्या घरात गेली आणि त्यातून कंपन्यांच्या हाती १३ अब्जांहून अधिक डॉलर उरले. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे नऊ. साध्या पैजेवरची दलाली साडेचार टक्के असताना हा आकडा दुप्पट कसा झाला? याचे मुख्य कारण साखळी पैज. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरील ‘ट्रेबल’ आणि ‘जॅकपॉट’ ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना तिचे तत्त्व लगेच कळेल: दोन, तीन, चार अंदाज एकत्र गुंफायचे, सारे बरोबर आले तरच घसघशीत रक्कम, एक जरी चुकला तरी सारे बुडाले. साखळीची कडी वाढली, की पेढीची दलाली स्वतःवरच चढत जाते. नेहमीच्या दराने दोन कड्यांच्या साखळीत ती सुमारे नऊ टक्के होते, तीन कड्यांत तेरा आणि चार कड्यांत सतरा. आठवड्याचा पगार संपत आलेल्या माणसाला पाच डॉलरचे पन्नास-साठ होण्याची आशा सर्वांत मोहक वाटते. त्याला सर्वांत महाग माल विकला जातो तो येथेच.

या व्यवहारात राज्यसंस्था केवळ पंच राहिलेली नाही. ती भागीदार झाली आहे. न्यूयॉर्क राज्य कंपन्यांच्या अशा मिळकतीवर ५१ टक्के कर घेते. धनिकांवर कर बसवण्याचे राजकीय धैर्य नसलेल्या सरकारांना हा कर देवाने धाडलेला वाटतो. कारण तो भरणाऱ्याला आपण कर भरतो आहोत याचा पत्ताही नसतो. अर्थशास्त्रात ज्याला प्रतिगामी कर म्हणतात, म्हणजे ज्याचा भार गरिबाच्या उत्पन्नावर अधिक पडतो, त्याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांच्या दोन स्वतंत्र गटांनी कायदेशीर झालेल्या राज्यांचा अभ्यास केला. कुटुंबांची पत घसरणे, दिवाळखोरीचे अर्ज वाढणे आणि बचतीची गुंतवणूक आटणे असे परिणाम त्यांना आढळले. पूर्वी वसुलीला टोळीचा गुंड येत असे. आता बँकेचे पत्र येते. माणूस तोच राहिला, त्याचे देणेही तेच राहिले.

खेळाडू: ज्याच्या श्रमावर पैज लागते

सट्ट्याचा विचार करताना ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते तो खेळाडू. १९५० साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने देशातील दोन्ही प्रमुख महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. हा पराक्रम अन्य कोणत्याही संघाला साधलेला नाही. हे महाविद्यालय फी घेत नसे. स्थलांतरितांची आणि कामगारांची मुले तेथे शिकत, आणि त्यांचा संघही प्रामुख्याने ज्यू आणि कृष्णवर्णीय तरुणांचा होता. पुढच्याच वर्षी यांतील अनेकांना अटक झाली. सात महाविद्यालयांतील तीसहून अधिक खेळाडूंनी सट्टेवाल्यांकडून पैसे घेतल्याचे उघड झाले. लाँग आयलंड विद्यापीठाचा शर्मन व्हाइट हा त्या काळच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता. त्याला तुरुंगवास घडला आणि एनबीएचे दार कायमचे बंद झाले.

या प्रकरणातील एक बारकावा मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. गुणफरकाच्या पैजेमुळे सट्टेवाल्याला खेळाडूकडे ‘हर’ असे म्हणावे लागत नव्हते. ‘जिंक, पण बारा ऐवजी सहा गुणांनी जिंक’, एवढीच मागणी पुरेशी होती. संघही जिंकतो, कोणाचे नुकसानही दिसत नाही. तरुण मनाची समजूत घालायला हे पुरेसे होते. दुसरीकडे मॅडिसन स्क्वेअर गार्डन याच मुलांच्या सामन्यांवर हजारो तिकिटे विकत होते आणि हौशी खेळाडू म्हणून मुलांना त्यातील छदामही मिळत नव्हता. त्यांनी केले ते चूक होते, यात शंका नाही. परंतु तुरुंगात मुले गेली आणि तिकिटांची मिळकत जेथल्या तेथे राहिली, हेही विसरता येणार नाही.

कायदेशीर सट्ट्याने हा रोग बरा होईल, असे आश्वासन २०१८ नंतर देण्यात आले. एप्रिल २०२४ मध्ये एनबीएने टोरांटो संघाच्या जाँटे पोर्टर याच्यावर आजन्म बंदी घातली. जुगाराच्या कर्जात बुडालेल्या या खेळाडूने सामने अर्धवट सोडले होते, जेणेकरून त्याच्या वैयक्तिक गुणसंख्येवर ‘कमी’ अशी पैज लावणाऱ्यांचा फायदा व्हावा. जुलै २०२४ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. पैजांतील संशयास्पद ओघ कायदेशीर कंपन्यांच्या नोंदींमुळेच लवकर उघडकीस आला. गुप्त बाजारात कदाचित तो आलाही नसता. पण मुळात एका राखीव खेळाडूच्या एका रात्रीच्या गुणांवर पैज घेण्याचा धंदा एवढ्या प्रमाणात फोफावला तो याच कायदेशीर बाजारात, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे. पुढे महासंघाच्या आग्रहावरून पोर्टरसारख्या अल्प वेतनाच्या, तात्पुरत्या करारावरील खेळाडूंवरच्या ‘कमी’ पैजा बंद करण्यात आल्या. साखळीतील सर्वांत कच्चा दुवा सर्वांत कमी पगाराचा नोकर असतो, हे मालकवर्गाला नेमके कळले होते. त्यांनी पैज काढून घेतली. करारांतील विषमतेला हात लावला नाही.

मुष्टियुद्ध: शरीराचा भाव

बास्केटबॉलमध्ये निदान खेळाडूंची संघटना आहे. ती १९५४ मध्ये स्थापन झाली. १४ जानेवारी १९६४ रोजी बॉस्टनमध्ये दूरचित्रवाणीवर दाखवल्या जाणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यापूर्वी, निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरणार नाही, असा निर्धार तिने केला. बिल रसेल, एल्गिन बेलर, जेरी वेस्ट यांच्यासारखे तारे त्यात होते. मालक संतापले, पण नमले. आज एनबीएच्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो, याचे बीज त्या संध्याकाळच्या एकजुटीत आहे.

मुष्टियोद्ध्याला असे काही नाही. तो एकटा असतो. त्याचा करार प्रवर्तकाशी, आणि प्रवर्तकाच्या मर्जीवाचून त्याला लढतच मिळत नाही. १४ नोव्हेंबर १९४७ रोजी जेक लामोटा बिली फॉक्सकडून हरला. विजेतेपदाच्या लढतीची संधी मिळावी म्हणून आपण ती लढत मुद्दाम सोडली, असे त्याने १९६० मध्ये सिनेटच्या उपसमितीसमोर शपथेवर सांगितले. त्या काळी मुष्टियुद्धावर टोळीवाला फ्रँकी कार्बो याची सत्ता होती. १९६१ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे देशातील सर्वांत कणखर पुरुषांपैकी एकाला आपले काम करण्याचा हक्क मिळवण्यासाठी आधी आपले काम विकावे लागले. बेकारांच्या रांगेत मुकादमाला चिरीमिरी देणाऱ्या मजुराची स्थिती याहून वेगळी नसते.

पैजेचा सर्वांत क्रूर प्रकारही येथेच आढळतो. मुष्टियुद्धात ‘किती फेऱ्या’ यावर भाव निघतो, आणि लढत कितव्या फेरीत संपेल यावर स्वतंत्र भाव असतो. साध्या भाषेत याचा अर्थ असा, की एक माणूस दुसऱ्याच्या आघातांनी केव्हा कोसळेल, यावर पैसे लागतात. २४ मार्च १९६२ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बेनी पॅरेट हा एमिल ग्रिफिथच्या ठोशांखाली बाराव्या फेरीत बेशुद्ध पडला आणि दहा दिवसांनी मरण पावला. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला. तोही काही दिवसांत गेला, आणि त्यानंतर विजेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या. बाराव्या आणि चौदाव्या फेरीवर ज्या कोणी पैसे लावले असतील, त्यांचे अंदाज त्या रात्री बरोबर ठरले. हे त्या माणसांना दोष देण्यासाठी सांगायचे नाही. मृत्यू कोणीच इच्छिला नसेल. परंतु मानवी शरीराची सहनशक्ती हा भावाचा विषय झाला, की ‘बरोबर’ या शब्दाला काय अर्थ उरतो, याचा विचार झाला पाहिजे.

शिवाय येथे शौकिनाची जाणकारी अखेर तीन परीक्षकांच्या कागदावर अवलंबून असते. १३ मार्च १९९९ रोजी इव्हँडर होलिफिल्ड आणि लेनॉक्स लुईस यांची लढत बरोबरीत सुटल्याचे जाहीर झाले, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना लुईस स्पष्टपणे जिंकलेला दिसला होता. मुष्टियोद्ध्यांच्या संरक्षणासाठी २००० साली महंमद अली यांच्या नावाने केंद्रीय कायदा झाला. पण कायद्याने संघटनेची जागा भरून निघत नाही. सर्व मुष्टियोद्ध्यांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन नाही आणि वाटाघाटी करणारी बळकट युनियनही नाही. मेंदूला मार बसून अकाली वृद्धत्व आलेले योद्धे हा त्या खेळाचा न छापला जाणारा ताळेबंद आहे.

न्यूयॉर्कचा कापूस आणि मुंबईचा आकडा

या साऱ्याशी मुंबईचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भाव तारेने मुंबईला येत आणि त्या भावांतील आकड्यांवर येथे सट्टा चाले. तो मार्ग बंद झाल्यावर साठच्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे घरोघर गेली. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे बाजारातले शब्द गिरणगावच्या चाळींत मुक्कामाला राहिले. कापसाचे सूत काढणाऱ्या कामगाराच्या पगाराचा एक भाग कापसाच्या आकड्यांवरून निघालेल्या जुगारात जावा, यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. याच काळात, १९६९ मध्ये, महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी सुरू केली. मटक्याचा आकडा लावणारा गुन्हेगार आणि लॉटरीचे तिकीट घेणारा राज्याच्या विकासाला हातभार लावणारा नागरिक, अशी विभागणी झाली.

‘हा जुगार नसून कौशल्य आहे’ हा अमेरिकन शौकिनाचा दावाही येथे अपरिचित नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेला कौशल्याचा खेळ मानले. पुढे मोबाइलवर काल्पनिक संघ रचून पैसे लावण्याच्या धंद्याने याच तत्त्वाचा आधार घेतला आणि २०२३ मध्ये अशा एका कंपनीचे नाव थेट भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवर झळकले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि कौशल्य की नशीब हा भेदच त्यात बाजूला सारला. तो भेद बाजूला सारला हे योग्यच झाले. प्रश्न खेळणाऱ्याच्या कौशल्याचा नव्हताच. पेढी कोणाची आणि हिशेब कोण मांडतो, हा होता. तथापि बंदीने बाजार नाहीसा होतो असे मानणाऱ्यांनी मटक्याचा इतिहास पुन्हा वाचावा. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याच्या डोळ्यांदेखत तो वाढला. त्यात पकडले गेले ते चिठ्ठ्या गोळा करणारे पोरगे, आणि हप्ते पोचत राहिले ते वरपर्यंत.

भूमिका काय असावी

समाजवादी चळवळीत या विषयावर दोन सोप्या भूमिका आढळतात. एक गांधीवादी नीतीच्या वळणाची: जुगार हे पाप आहे, ते बंद करा. दुसरी अलीकडची: प्रौढ माणसाने आपल्या पैशाचे काय करावे हा त्याचा प्रश्न आहे. पहिली भूमिका माणसाला सुधारू पाहते आणि धंद्याला भूमिगत करते. दुसरी भूमिका माणसाला स्वतंत्र मानते, पण त्याच्यासमोर उभ्या असलेल्या यंत्रणेकडे डोळेझाक करते. ज्या करारात एका पक्षाला भाव ठरवण्याचा, मर्यादा घालण्याचा आणि कुशल प्रतिपक्षाला हाकलण्याचा अधिकार आहे, त्याला दोन स्वतंत्र माणसांचा करार म्हणता येत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. पहिली, सट्ट्याच्या जाहिरातींवर आणि क्रीडा-प्रायोजकत्वावर संपूर्ण बंदी. इटलीने २०१८ च्या अध्यादेशाने हे करून दाखवले आहे. दुसरी, जेथे पैज कायदेशीर आहे तेथे सामना चालू असताना घेतल्या जाणाऱ्या ऑनलाइन पैजांना मनाई. ऑस्ट्रेलियात ती आहे. तिसरी, जुगाराच्या करावर शाळा आणि दवाखाने चालवण्याची सवय राज्याने सोडावी. लॉटरीही याला अपवाद नाही. चौथी, पैज लावणाऱ्याला गुन्हेगार न मानता कर्जातून सोडवण्याची आणि उपचाराची सोय व्हावी. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, खेळाडूंच्या संघटना. ज्याला न्याय्य वेतन आणि म्हातारपणाची हमी आहे, त्याला विकत घेणे कठीण असते.

कार्यकर्त्यांच्या दृष्टीने आणखी एक काम आहे. गिरणगावात मटका होता, तशाच व्यायामशाळा आणि कबड्डीची मंडळेही होती. तेथे प्रेक्षक जाणकार होता, त्याचे मत तिखट होते, आणि ते मांडण्यासाठी त्याला कोणत्याही पेढीत खाते उघडावे लागत नव्हते. सामना संपल्यावर नाक्यावर रंगणारा वाद हीच त्या जाणकारीची कमाई होती. अशी मैदाने आणि अशी मंडळे मोडीत निघाली, त्या पोकळीत मोबाइलवरचा सट्टा शिरला. अमेरिकेतील ट्रकचालकाचा बास्केटबॉलविषयीचा अंदाज आणि परळच्या चाळीतील पोराचा क्रिकेटविषयीचा अंदाज यांत मूलतः काही वाईट नाही. त्या अंदाजावर दलाली खाणाऱ्या यंत्रणेशी लढा द्यायचा आहे, आणि तो वस्तीतले मैदान वाचवण्यापासून सुरू करावा लागेल.